विश्लेषण : पंधरा वर्षांची सेडान आणखी पाच वर्षे चालवणे परवडते का?

बाजारात गाडीची किंमत जेमतेम पावणेदोन लाख आणि गॅरेजवाल्याने काढलेले काम साठ हजारांचे. असा अंदाज हातात पडला की घरात एकच वाक्य ऐकू येते : चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. गेल्या दीड दशकात मध्यमवर्गाने आणि टॅक्सीवाल्यांनी मोठ्या संख्येने घेतलेल्या छोट्या सेडान आता नोंदणीच्या पंधराव्या वर्षाला टेकल्या आहेत. त्यांच्यावर खर्च करायचा, विकायच्या की भंगारात काढायच्या, या प्रश्नाचे उत्तर मात्र म्हणीइतके सोपे नाही.

हा प्रश्न आताच का?

मारुतीची स्विफ्ट डिझायर मार्च २००८ मध्ये बाजारात आली. चार मीटरपेक्षा कमी लांबीची, करसवलतीत बसणारी तिची दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये आली आणि ‘डिकी असलेली छोटी गाडी’ हा प्रकार घरोघरी पोहोचला. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २००८ ते २०११ मधल्या गाड्यांची मुदत २०२३ ते २०२६ या काळात संपते आणि २०१२च्या गाड्यांची पाळी २०२७ मध्ये येते. त्यानंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. गाडी रस्त्यावर चालण्याच्या स्थितीत आहे हे आरटीओच्या तपासणीत दिसले पाहिजे, एवढीच अट. नेमक्या याच वेळी गॅरेजमधली मोठी कामेही निघू लागतात.

यातल्या डिझेल गाड्यांचा विचार वेगळा करावा लागतो. डिझायरमधले १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटचे, परवान्यावर मानेसरला बनवलेले. तेच इंजिन रिट्झ, एर्टिगा, टाटा इंडिका व्हिस्टा, इंडिगो मांझा, फियाट लिनिया अशा कितीतरी गाड्यांत होते. एप्रिल २०२० मध्ये बीएस६ मानके लागू झाली आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. इंजिन बंद झाले तरी ते माहीत असलेला मेकॅनिक आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. हा या गाडीचा मोठा आधार आहे.

कोणती कामे निघणारच?

काही भाग झिजण्यासाठीच असतात. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा संच शहरातल्या गर्दीत लवकर, महामार्गावर उशिरा, पण कधी तरी बदलावाच लागतो. पेट्रोल गाडीत मजुरीसह साधारण पाच ते आठ हजार, डिझेलमध्ये आठ ते बारा हजार रुपये लागतात. पुढचे लोअर आर्म, त्यांचे बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर ही आपल्या रस्त्यांची देणगी. खड्ड्यात ‘खट्’ आवाज येऊ लागला की हे काम समजावे. पुढची-मागची बाजू पूर्ण करायची तर १२ ते १८ हजार. चार टायर १८ ते २२ हजार, बॅटरी चार ते सहा हजार. एसीची कूलिंग कॉइल गळू लागली तर डॅशबोर्ड उघडावा लागतो, त्यामुळे भागापेक्षा मजुरी टोचते. कॉम्प्रेसरच गेला तर खर्च १२ ते २० हजारांवर जातो. हे सर्व आकडे साध्या, खासगी गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ते वाढतात.

अशा बिलांना घाबरण्याचे कारण नाही. एकदा केलेले काम काही वर्षे पुन्हा निघत नाही आणि त्याची चाहूल आधी लागते.

मग खरा खर्च कुठे दडलेला असतो?

पुढे ढकललेल्या छोट्या कामांत. या डिझेल इंजिनात सुमारे तीन लिटर ऑइल मावते. दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा ते बदलायचे, एवढाच नियम. पण गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली की हा नियम पहिल्यांदा मोडतो. जुने ऑइल काळे, दाट होते, त्याचा गाळ तळाच्या जाळीत बसतो आणि टायमिंग चेनपर्यंत दाब पोहोचत नाही. चेन सैल पडते. सकाळी गाडी सुरू करताना दोन-चार सेकंद खळखळ ऐकू येते ती हीच. या टप्प्यावर चेन आणि तिचे टेन्शनर बदलले तर आठ ते पंधरा हजारांत भागते. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग इंजिनकाम ६० हजारांपासून लाखापर्यंत जाते. पंधराशे-दोन हजारांचे ऑइल वाचवल्याची ही किंमत.

टर्बोचेही तसेच. तो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल खराब झाले की त्याचे बेअरिंग जाते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि घाटात गाडी ओढत नाही. मात्र पिकअप गेला म्हणून लगेच टर्बो गेला असे नसते. टर्बोचा रबरी पाइप फाटला किंवा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला तरी हीच लक्षणे दिसतात, आणि ती कामे काही शेकडा ते दोन-तीन हजारांत होतात. नवा टर्बो २५ हजारांच्या पुढे, दुरुस्त केलेला त्याच्या निम्म्यात. म्हणून आधी पाइप तपासा, ईजीआर साफ करा आणि मग टर्बोकडे वळा, असा क्रम धरणारा मेकॅनिक गाठणे हीच मोठी बचत.

डिझेल फिल्टरमधले पाणी वेळेवर काढले नाही तर ते इंजेक्टरपर्यंत जाते. चार इंजेक्टर, एकेकाच्या दुरुस्तीला पाच ते आठ हजार, नवा घेतला तर पंधरा हजारांच्या आसपास. काळा धूर, खराब अॅव्हरेज, पीयूसीत नापास, ही त्याची खूण. चारही बदला, असे कोणी सांगितले तर पंप-नोझलचे काम करणाऱ्या दुकानात ते यंत्रावर तपासून घ्यावेत. बऱ्याचदा एक किंवा दोनच बिघडलेले निघतात.

कूलिंगकडे दुर्लक्ष हा तिसरा मार्ग. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरले की रेडिएटर आतून गंजतो, चोंदतो. मग कसारा किंवा खंबाटकी चढताना काटा लाल रेषेकडे सरकतो. तिथेच थांबले तर तीन-पाच हजारांच्या रेडिएटरवर भागते. ‘घाट संपेपर्यंत रेटू’ म्हणून पुढे गेले की हेड गॅस्केट उडते, हेड वाकते आणि बिलाला एक शून्य वाढते.

गंज मात्र वेगळा. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनारी भागात उभ्या राहिलेल्या गाड्यांचा पत्रा खालून सडतो. दाराच्या खालची कड, चाकाच्या कमानी, डिकीचा तळ इथे डेंटिंग-पेंटिंगने भागते. पण सस्पेन्शन जिथे बसते तो सांगाडाच पोखरला असेल तर वेल्डिंगचे ठिगळ लावून ती गाडी कुटुंबाला घेऊन महामार्गावर नेऊ नये. इंजिन बांधता येते, सडलेला सांगाडा नाही.

पेट्रोल गाडीला ‘ई२०’चा त्रास किती?

पेट्रोल डिझायरचे यांत्रिक दुखणे कमी : इग्निशन कॉइल, थ्रॉटल बॉडीतली काजळी, इंधन पंप. चर्चा आहे ती २० टक्के इथेनॉलची. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच म्हटले होते की, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई२०मुळे सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १४ देईल, असा त्याचा अर्थ. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये घट किरकोळ असल्याचे सांगताना, काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, हे मान्य केले. ई२०विरोधातील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. त्यामुळे जुन्या पेट्रोल गाडीच्या मालकाने इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसिंगला पाहून घेणे, आणि गाडी महिनोन्महिने टाकीभर पेट्रोलसह उभी न ठेवणे, एवढेच त्याच्या हातात उरते. डिझेलवाल्यांना या वादाशी देणेघेणे नाही.

सुटे भाग स्वस्त झाले का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. दहा हजार मूळ किमतीचा भाग १२,८०० ऐवजी ११,८०० रुपयांना मिळायला हवा. पक्के बिल मागितले तरच हा फरक दिसतो. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात एकाच भागाचे तीन भाव ऐकू येतात : कंपनीचा, दुसऱ्या उत्पादकाचा आणि निव्वळ नकली. काच, आरसा, बंपर, दाराचे हँडल जुन्या बाजारातून घ्यायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग चेन आणि ऑइल फिल्टर यांत मात्र पैसे वाचवू नयेत.

आरटीओ आणि विम्याचा खर्च काय?

नोंदणी संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो. कारसाठी नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून पाच हजार रुपये झाले. उशीर झाल्यास महिन्याला ५०० रुपये. २० वर्षांपुढील गाडीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. तारीख चुकवण्याचे दुखणे दंडापेक्षा मोठे आहे. तात्पुरती नोंदणी संपलेल्या आणि नंतर चोरीला गेलेल्या गाडीची भरपाई नाकारण्याचा विमा कंपनीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केला होता.

विम्यातली दुसरी अडचण फार थोड्यांना ठाऊक असते. दहा वर्षांपुढच्या गाडीत धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, प्लास्टिक-रबरावरही तितकाच. दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. मूल्य दीड लाख असेल तर ही सीमा १,१२,५०० रुपये. इंजिनात पावसाचे पाणी शिरले किंवा समोरून बरी धडक बसली की ती सहज ओलांडली जाते.

साठ हजारांच्या बिलाचा हिशेब कसा करावा?

गाडीच्या बाजारभावाशी तुलना करून नव्हे. पर्याय नव्या गाडीचा असेल तर तुलना तिच्या हप्त्याशी हवी. जीएसटी कपातीनंतर नव्या डिझायरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत सव्वासहा लाखांच्या आसपास आली. सहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे साडेबारा हजार. म्हणजे साठ हजार रुपये पाच हप्त्यांत संपतात.

पण साठ हजार कशाचे, हे पाहावे लागते. टायर २०, सस्पेन्शन १५, क्लच १०, एसी १० आणि बॅटरी ५ हजार असे असतील तर खर्च करावा. इंजिन ठणठणीत आणि सांगाडा शाबूत असेल तर ही गाडी तीन-चार वर्षे सुखाने चालते. तेच साठ हजार इंजिन उघडण्याचे असतील आणि टायर-क्लचही संपत आलेले असतील, तर ते पहिले बिल आहे, शेवटचे नव्हे. तिथे थांबलेले बरे. अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढून मिळणारे प्रमाणपत्र नव्या खासगी गाडीच्या वाहन करात सवलत मिळवून देते. केंद्राच्या नियमात तिची कमाल मर्यादा २५ टक्के आहे.

पैशांच्या हिशेबात न बसणारी एक बाब उरते. त्या काळातल्या डिझायरच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग नव्हत्या. २०२४च्या डिझायरमध्ये सहा आहेत आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला पाच तारे मिळाले. गावातल्या गावात फिरणाऱ्याने जुनी गाडी ठेवणे आणि दर आठवड्याला मुलांना घेऊन द्रुतगती मार्गावर जाणाऱ्याने ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याचे काय?

सर्वाधिक जोखीम त्याचीच. दीड-दोन लाख जमवून पहिली गाडी घेणाऱ्याच्या हाती पुढच्या महिन्यात निघणाऱ्या कामासाठी पैसे नसतात, आणि मालकाने नेमके तेच काम टाळण्यासाठी गाडी विकायला काढलेली असू शकते. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घ्यायची तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा कर आधी किमतीत मोजावा. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबण्यापेक्षा सर्व्हिसिंगची बिले मागावीत. गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. मालकाने ती आधीच सुरू करून ठेवली असेल तर चेनची खळखळ ऐकू येणार नाही. ऑइलचे झाकण उघडून आत गाळ आहे का पाहावे, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग शोधावा, मॅट उचलून तळाचा पत्रा बोटाने दाबून पाहावा. आणि आरसीवरची मुदत संपायला किती महिने उरले आहेत, ते सौदा ठरण्यापूर्वी वाचावे.