तास भरले; हात शिकले का?

मार्च उजाडला की एसीच्या मेकॅनिकला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि घरोघरी एकच निदान ऐकू येते: ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ वास्तविक एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे ग्राहकाला पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच खर्चात पाडणे. तरीही हे सर्रास चालते, कारण हे काम करणाऱ्याला एकदा शिकल्यावर पुन्हा कुणी काही विचारत नाही.

विचारणारे देश आहेत. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एसीच्या कंत्राटदाराला परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि त्यासाठी ८ तासांचे शिक्षण सक्तीचे आहे; त्यातला एक तास राज्याच्या कायदे-नियमांचा. फ्लोरिडात दोन वर्षांत १४ तास. पण हे तास घरबसल्या ऑनलाइनही भरता येतात. पडद्यासमोर बसल्याची नोंद झाली, की काम झाले. उलट गॅस हाताळण्याचे तिथले केंद्रीय प्रमाणपत्र तहहयात चालते. १९९४ साली ते मिळवणारा आजही पात्रच! दरम्यान १ जानेवारी २०२५ पासून तिथे आर-४१०ए या गॅसवर चालणारे नवे घरगुती एसी बनवणे बंद झाले. त्याच्या जागी आलेले आर-३२ आणि आर-४५४बी हे दोन्ही गॅस, सौम्य का होईना, पेट घेणारे आहेत. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमात यावर बरा तोडगा काढला: प्रमाणपत्रधारकाने निदान दर ७ वर्षांनी उजळणी करावी किंवा चाचणी द्यावी.

आपल्याकडे ना तास, ना चाचणी. घरातले वायरिंग करायला परवानाधारक वायरमन लागतो, निदान कायद्याने तरी. एसी उघडायला मात्र पाना आणि गेज एवढे भांडवल पुरते. आयटीआयमध्ये या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण अनेक जण उस्तादाच्या हाताखालीच तयार होतात. केंद्राच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. प्रशिक्षणे झालीही. मात्र प्रमाणपत्र नसलेल्याचे काम त्यामुळे अडले नाही.

उस्तादाने शिकवले ते आर-२२ वर, म्हणजे न पेटणाऱ्या गॅसवर. नळ्या जोडल्यावर आतली हवा व्हॅक्युम पंपाने काढायची असते. पण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर, एक पाय ग्रिलवर ठेवून पंप कोण सांभाळणार? म्हणून यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा हुसकावली जाते. आर-२२ च्या काळात यात ओझोनच्या थराचे नुकसान होई; मेकॅनिकला झळ लागत नसे. आज त्याच नळीत आर-३२ असतो, काही एसींत आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, आणि बाजूला ब्रेझिंगचा टॉर्च. हात जुन्याच सवयीने चालतो. आणि हा बदल शेवटचा नाही. हवामानबदल रोखण्यासाठीच्या किगाली करारानुसार भारताला एचएफसी गटातल्या गॅसांचा वापर २०२८ पासून गोठवायचा आहे आणि २०३२ पासून कमी करत न्यायचा आहे. आर-३२ त्याच गटातला.

तेव्हा फेरशिक्षण सक्तीचे हवेच. पण ते टेक्सासची नक्कल नको. हातावर पोट असलेल्या मेकॅनिकचे ८ तास म्हणजे एका दिवसाची मजुरी. ती बुडवून त्याला कायद्याची कलमे ऐकवल्याने एकही गळती थांबणार नाही. उजळणी पावसाळ्यात ठेवावी, कामे मंदावलेली असतात; जवळच्या आयटीआयमध्ये ठेवावी; आणि बुडालेल्या मजुरीसह तिचा खर्च एसी विकणाऱ्या कंपन्यांकडून घ्यावा. नवा गॅस बाजारात त्याच आणतात. शिवाय ही उजळणी दरवर्षी कशाला? गॅस बदलेल तेव्हा, आणि एरवी पाच-सात वर्षांनी पुरे.

चाचणी मात्र हाताची असावी. नळीला नीट फ्लेअर काढ, नायट्रोजन भरून दाब टिकतो का दाखव, पंप लाव, गॅस अंदाजाने नव्हे, वजनकाट्यावर मोजून भर. तास भरल्याची पावती कुणीही देईल. मुद्दाम ठेवलेली गळती जो शोधून दाखवेल, त्याच्याच प्रमाणपत्रावर शिक्का मारावा.