गोंगाट कोणता ते आधी ओळखा, हेडफोन मग घ्या

गेल्या महिन्यात कल्याणच्या एका बैठ्या चाळीतून आम्हाला निरोप आला, "भाऊ, एकदा घरी येऊन जा. एका वस्तूवरून घरात अबोला झालाय." आम्ही गेलो. घर दीड खोलीचे. वडिलांनी भिवंडीच्या यंत्रमागावर बावीस वर्षे काढली, आता एका सोसायटीत रखवालदारी करतात. आई शाळेच्या पोषण आहाराचे जेवण रांधते. थोरली मुलगी ठाण्याला नर्सिंग शिकते, रोज लोकलने जाते-येते. धाकटा आठवीत आहे. अबोला झाला होता तो हेडफोनवरून.

मुलीचे म्हणणे असे, की येण्याजाण्यात रोज दोन तास जातात. त्या वेळात मोबाईलवर लेक्चर ऐकावे तर गाडीच्या आवाजात काही कळत नाही, आणि घरी यावे तर टीव्ही चालू. म्हणून शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने अठराशे रुपयांचा नेकबँड आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'नॉइज कॅन्सलेशन' छापलेले. घालून पाहिला, तर गाडीचा आवाज होता तेवढाच! दुकानदार म्हणाला, खोके फोडलेला माल परत घेत नाही. वडील चिडले. "अठराशे रुपयांत घरात किती किराणा येतो, ठाऊक आहे का?" हे त्यांचे बोलणे खोटे नव्हते. मुलगी म्हणाली, "पप्पा, मी काय गाण्यांसाठी आणला का?" तिचेही खोटे नव्हते.

आम्ही खोके हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते 'ईएनसी'. सगळा घोटाळा या तीन अक्षरांत होता.

वाचकहो, हा फरक नीट ध्यानात ठेवा, कारण पैसा इथेच बुडतो. ईएनसी ही सोय फोनवर बोलताना कामाची. तुमच्या भोवतीचा कलकलाट समोरच्या माणसाला कमी ऐकू यावा, यासाठी ती मायक्रोफोनला लावलेली असते. तुमच्या कानाला तिचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या कानावरचा गोंगाट कमी करणारी सोय वेगळी, तिचे नाव 'एएनसी', म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. खोक्यावर नुसते 'नॉइज कॅन्सलेशन' लिहिलेले असेल, तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "एएनसी आहे की ईएनसी?" आणि उत्तर खोक्यावर छापलेले दाखवायला सांगा.

आता ही एएनसी करते काय? आवाज म्हणजे हवेतली लाट. हेडफोनला बाहेरच्या बाजूला इवलासा मायक्रोफोन असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो. आतली चिप त्याच आवाजाची उलटी लाट तयार करते, म्हणजे जिथे मूळ लाटेचा चढ, तिथे हिचा उतार. दोन्ही लाटा कानाशी एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. चांगल्या हेडफोनात असा मायक्रोफोन आतही असतो, त्याला हायब्रिड म्हणतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकी पेटंट १९३६ साली मिळाले. पुढे १९७८ मध्ये प्राध्यापक अमर बोस यांनी झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीत हेडफोनवर गाणे धड ऐकू येईना म्हणून विमानातच आकडेमोड सुरू केली. हे बोस म्हणजे कलकत्त्याहून अमेरिकेला गेलेल्या एका बंगाली स्वातंत्र्यसैनिकाचे चिरंजीव. त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असे हेडफोन १९८९ मध्ये बाजारात आणले. विमानासाठी जन्मलेली वस्तू आज लोकलच्या डब्यात आली, ती अशी.

पण तिची मर्यादाही त्या जन्मातच आहे. विमानाची घरघर एकसारखी आणि जाड आवाजाची. अशाच आवाजावर एएनसी चालते. एसटीच्या इंजिनाची घरघर, गाडीच्या चाकांचा घणघणाट, डब्यातले पंखे, एसीची गुणगुण, हे आवाज ती चांगले दाबते. बारीक, चढे आणि एकाएकी येणारे आवाज मात्र तिच्या हाती फारसे लागत नाहीत. माणसांचे बोलणे, बाळाचे रडणे, हॉर्न, भांड्यांचा खणखणाट, कुकरची शिट्टी हे ऐकू येतच राहते. त्यातले जे काही कमी होते, ते बहुतेक कानावर घट्ट बसलेल्या गादीमुळे किंवा कानात बसलेल्या रबरी टोपीमुळे. तेव्हा 'घातला की जग गप्प' अशा जाहिरातीवर जाऊ नका. खोक्यावर '३० डेसिबल', '४० डेसिबल' असे आकडे असतात, तेही एखाद्या सोयीच्या स्वरावर मिळालेले जास्तीत जास्त असतात, सगळ्या आवाजांवर नव्हे.

म्हणून आमचे सांगणे असे, की खरेदीला जाण्याआधी दहा मिनिटे शांत बसा आणि आपल्याला त्रास देणारे आवाज कागदावर लिहून काढा. त्या घरी आम्ही तेच केले. मुलीने दोन रकाने केले. गाडीच्या रकान्यात आले पंखे, चाके आणि बायकांच्या गप्पा. घरच्या रकान्यात सगळ्यात वर आला टीव्ही. आणि टीव्ही एवढा मोठा का? तर पप्पांना कमी ऐकू येते म्हणून.

हे बोलून मुलगी गप्प झाली. वडीलही गप्प. बावीस वर्षे मागाच्या खडखडाटात उभे राहिलेल्या माणसाचे कान शाबूत कसे राहतील? घरात सगळ्यांना ते ठाऊक होते, पण 'ऐकूनच घेत नाहीत' असे म्हणून विषय संपत होता. गोंगाटाने येणारा हा बहिरेपणा कामगार कायद्यांनी व्यवसायातून होणारा आजार म्हणून मान्य केलेला आहे. गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही, पण श्रवणयंत्राने आधार मिळतो आणि उरलेले जपता येते. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री नावाची तपासणी होते. वेदना नाही, सुई नाही. ज्यांच्या घरी कुणी माग, प्रेस, जनरेटर, दगडखाण अशा ठिकाणी काम केले असेल, त्यांनी ही तपासणी जरूर करून घ्यावी. हेडफोनचा प्रश्न त्यानंतरचा. आणि एक ध्यानात असू द्या, कारखान्यात कान वाचवायला गाण्याचा हेडफोन चालत नाही. तिथे कामाचे इअरप्लग किंवा इअरमफच हवेत.

आता खरेदीकडे वळू. प्रकार मुख्यतः तीन. कानावर पूर्ण बसणारा मोठा हेडफोन गोंगाट सगळ्यात चांगला अडवतो, लांबच्या रेल्वे प्रवासाला उत्तम. पण उन्हाळ्यात कान घामेजतात आणि पिशवीत जागा लागते. दोन सुटे इअरबड छोटे आणि सोयीचे, पण गर्दीत एक पडला की जोडी गेली. नेकबँड गळ्यात राहतो, हरवत नाही, लोकलच्या गर्दीला तोच बरा. मात्र एएनसी असलेला नेकबँड मुद्दाम विचारून घ्यावा लागतो. किमतीचे म्हणाल, तर नामांकित कंपन्यांचे वरच्या दर्जाचे हेडफोन पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातात. आपल्याला त्याची गरज नाही. दोन ते पाच हजारांत कामापुरती एएनसी मिळते. त्याहून स्वस्तात कुणी मोठमोठी वचने देत असेल, तर जरा थांबा.

दुकानात या गोष्टी पाहाव्यात :

• घालून पाहू देतात का? दाखवायचा नमुना मागा. पंख्याखाली किंवा रस्त्याच्या बाजूला उभे राहून एएनसी चालू-बंद करून पाहा. फरक जाणवला नाही तर घेऊ नका.

• दहा मिनिटे डोक्यावर ठेवा. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट. कानात घालायचे असतील तर खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या आहेत का ते पाहा. टोपी ढिली बसली की एएनसी फुकट जाते.

• बॅटरी किती तास चालते हा आकडा पुष्कळदा एएनसी बंद ठेवून काढलेला असतो. 'एएनसी चालू असताना किती?' असे विचारा.

• मोठ्या हेडफोनला वायर लावायची सोय आहे का? चार्जिंग संपले तरी वायरने ऐकता येते. कानावरच्या गाद्या सुट्या मिळतात का, तेही पाहा. आपल्या दमट हवेत त्यांचे रेक्झिन वर्षा-दोन वर्षांत सोलते.

• घाम-पावसासाठी खोक्यावर 'आयपीएक्स ४' किंवा त्यापुढचा आकडा असावा.

• पक्के बिल घ्या. वॉरंटीचा कागद जपा. छापील किमतीला खोडून दाखवलेली 'सवलत' पाहून भुलू नका, दोन दुकानांत भाव विचारा. वस्तू सदोष निघाली आणि दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

एवढे पैसे जमत नसतील तर? मग औषधाच्या दुकानातले स्पंजाचे इअरप्लग आणा. थोड्या रुपयांत जोडी मिळते आणि अभ्यासाला बसताना माणसांचे बोलणे त्यांनीही पुष्कळ कमी होते. मळले की टाकून द्यायचे. ज्यांचा कान वाहतो किंवा दुखतो, त्यांनी मात्र कानात काहीही घालण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. आणि इअरबड एकाचे दुसऱ्याने वापरू नयेत, भावाभावांतही.

आता सर्वांत महत्त्वाचे. एएनसीचा खरा फायदा गाणे गोड लागण्यात नाही, आवाज कमी ठेवता येण्यात आहे. साध्या इअरफोनवर गाडीच्या आवाजावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो आणि नकळत स्वतःच्याच कानात एक कारखाना सुरू करतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला हीच मर्यादा आठवड्याला फक्त ४ तास होते! आकडा दहानेच वाढला, वेळ दहापट घटली. तेव्हा फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवा. बाजूचा माणूस बोलतो ते ओरडल्याशिवाय ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे असे समजा. ऐकून झाल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येत राहिला किंवा दडे बसले, तर तो कानाने दिलेला इशारा आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे.

आणि जीव कानापेक्षा मोठा. रूळ ओलांडताना, रस्त्यावर चालताना, सायकल-मोटारसायकल चालवताना हेडफोन घालूच नये. एएनसी नेमकी गाडीची घरघर दाबते, म्हणजे ज्या आवाजाने सावध व्हायचे तोच ती काढून घेते. रात्री एकट्याने येणाऱ्या मुलींनी फलाटावर उतरल्यापासून घरी पोहोचेपर्यंत कान मोकळे ठेवावेत. बऱ्याच हेडफोनांत बाहेरचा आवाज आत सोडणारी सोय असते, तिला ट्रान्स्परन्सी म्हणतात. स्टेशनची घोषणा ऐकायला ती बरी, पण मोकळ्या कानाची बरोबरी तिला नाही. हेडफोनमुळे शेजाऱ्याचीही सोय होते, हेही खरे. मुंबईत बेस्टने २०२३ साली बसमध्ये मोबाईल मोठ्याने वाजवायला मनाई केली, ती उगाच नव्हे.

त्या घरी पुढे काय झाले, ते सांगतो. वडिलांची तपासणी झाली. दोन्ही कान कमजोर निघाले, श्रवणयंत्राची खटपट सुरू आहे. डॉक्टरांना विचारून, आवाजाला मर्यादा घालून, तो अठराशेचा नेकबँड तूर्त वडिलांच्या गळ्यात आला. टीव्हीला ब्ल्यूटूथ नव्हते, म्हणून काही शे रुपयांचा छोटा ट्रान्समीटर लावला. आता बातम्या ते एकटे ऐकतात आणि खोलीत शांतता असते. आईची तक्रार एवढीच, की "माझ्या मालिकेला तरी आवाज सोडा!" तो अर्धा तास मुलगी शेजारी मैत्रिणीकडे जाते.

लोकलसाठी एएनसीचा नेकबँड घ्यायला मुलगी पुन्हा पैसे साठवते आहे. निघताना वडील आम्हाला दाराशी म्हणाले, "भाऊ, या वेळी दुकानात मी जाणार तिच्यासोबत. ती तीन अक्षरं मीच वाचून घेतो." अबोला संपला, हे आम्हाला तेवढ्यावरून कळले.