आणीबाणीतील नसबंदी : ‘लोकसंख्या तरी आटोक्यात आली’ हा भ्रम

१/ आणीबाणीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : “सक्ती वाईटच होती, पण तिच्यामुळे लोकसंख्या तरी आटोक्यात आली.” पूर्वार्धाविषयी वाद नाही. खोटा आहे तो उत्तरार्ध, आणि जनगणनेचे आकडे उघडून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही म्हणूनच तो टिकून आहे.

२/ १९६१–७१ या दशकात भारताची लोकसंख्या २४.८० टक्क्यांनी वाढली. १९७१–८१ या दशकात, म्हणजे ज्यात आणीबाणीची सारी मोहीम मोडते त्या दशकात, ती २४.६६ टक्क्यांनी वाढली. एवढ्या दडपशाहीनंतर पडलेला फरक एका टक्क्याच्या सातव्या हिश्श्याएवढा!

३/ यावर एक आक्षेप रास्त आहे. त्या काळात मृत्युदरही घटत होता, त्यामुळे जन्म कमी होऊनही वाढ तेवढीच दिसू शकते. मान्य. परंतु मृत्युदर पुढेही घटतच राहिला, तरीही वाढ मंदावली : १९८१–९१ मध्ये २३.८७, १९९१–२००१ मध्ये २१.५४ आणि २००१–११ मध्ये १७.७ टक्के. ठळक घसरण आली ती सक्ती संपल्यावर.

४/ १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २७ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६-७७ मध्ये ८२ लाखांहून अधिक, त्यांत सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. अनेक ठिकाणी शिक्षकांचे पगार उद्दिष्टाला बांधले गेले. नोव्हेंबर १९७६ मध्ये हरयाणातील उटावड गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना उचलून नेले. शाह आयोगापुढे शस्त्रक्रियांशी निगडित १,७७४ मृत्यूंची माहिती आली.

५/ मग एवढ्या शस्त्रक्रियांचा परिणाम कुठे गेला? उद्दिष्ट शस्त्रक्रियांचे होते. वृद्ध, अविवाहित, जो हाती लागेल तो टेबलावर. कागदावरचा आकडा भरला. पाळणा त्या प्रमाणात लांबला नाही.

६/ महाराष्ट्रानेही हात धुऊन घेतले. १९७६ मध्ये विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, एवढेच. आणि हे त्याच राज्यात, जिथे या विषयाची एक अगदी वेगळी परंपरा होती.

७/ १९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या प्रचारापायी विल्सन कॉलेजमधील प्राध्यापकी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले अंगावर आले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

८/ कर्व्यांच्या विचारात निर्णय स्त्रीचा होता. १९७६ मध्ये तो जिल्हाधिकाऱ्याच्या तक्त्याचा झाला. १९३० च्या दशकात सरकारने साधनांची माहिती देणाऱ्याला शिक्षा केली आणि चाळीस वर्षांनी साधन न स्वीकारणाऱ्याला. दोन्ही वेळा नाकारली गेली ती निवड.

९/ सक्तीची किंमत स्त्रियांनी मोजली. १९७७-७८ मध्ये पुरुष नसबंदी दोन लाखांच्या खाली कोसळली. ‘कुटुंब नियोजन’ हे नाव इतके बदनाम झाले की ते बदलून ‘कुटुंब कल्याण’ करावे लागले. मग सारा भार स्त्रीच्या देहावर आला : २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एकाच शिबिरात एका दिवसात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्या दिवसांतील शिबिरांनंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या.

१०/ केरळचा प्रजननदर १९८० च्या दशकाच्या अखेरीस २.१ या प्रतिस्थापन पातळीवर आला. त्यामागे मुलींचे शिक्षण, उशिराचे विवाह, घटलेले बालमृत्यू आणि गावोगावचे दवाखाने होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा प्रजननदर २.० होता. त्यासाठी कोणत्याही गावाला वेढा घालावा लागला नाही.

११/ तरीही ‘कडक कायदा हवा’ ही मागणी दर काही वर्षांनी डोके वर काढते. ती करणाऱ्यांनी १९७६ चे उदाहरण जरूर द्यावे. मात्र सोबत २४.६६ हा आकडाही लिहावा.