ब्रेक 'अचानक' फेल होतो म्हणे!

वर्तमानपत्रातल्या एका वाक्याशी माझं जुनं वैर आहे. 'अचानक ब्रेक फेल झाल्याने...' यातल्या 'ब्रेक'शी माझं भांडण नाही, 'अचानक'शी आहे. ब्रेक अचानक फेल होतो हे मान्य करायचं, तर दहावीतले चिरंजीवही निकालाच्या दिवशी सकाळी अचानक नापास होतात असं म्हणावं लागेल. चाचणी, सहामाही, मास्तरांच्या चिठ्ठ्या हे सगळं आधी होऊन गेलेलं असतं. तीर्थरूपांनी पाहिलेलं नसतं, इतकंच.

चारठाण्याचे आमचे दाजी याच तीर्थरूपांच्या जातकुळीतले. पाय दाबला की त्यांच्या गाडीचं पुढचं चाक बारीक किंचाळायचं.

"दाजी, हा आवाज कसला हो?"

"काही नाही, धूळ बसली असंल. जातंय दोन दिसांत." आणि गाणी मोठी करायची!

आता बघा, ही किंचाळी बऱ्याच गाड्यांत कंपनीनं मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आलं की त्यावरची लोखंडी पट्टी डिस्कला घासते आणि बोंब मारते. म्हणजे पैसे मोजून घेतलेली बोंब आपण लताबाईंच्या आवाजाखाली दाबतो. पुढे किंचाळी जाऊन खरखर येते. तेव्हा लोखंड लोखंडाला खात असतं, आणि पॅडच्या जोडीला डिस्कचंही बिल लागतं. गाडी एका अंगाला ओढणं, पेडल पायाखाली थरथरणं, हँडब्रेक खांद्यापर्यंत वर येणं, ही त्याच मास्तरांची पुढची पत्रं.

ब्रेक ऑइलचा प्रकार तर याहून थोर. पातळी उतरली की 'घाला थोडं'! अहो, ते काही गाडी पीत नाही. एक तर कुठं तरी गळतंय, नाही तर पॅड झिजल्यानं पिस्टन पुढं सरकलाय आणि ऑइल त्याच्या मागं गेलंय. वरून ओतलं की दुखणं झाकलं जातं. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. घरी लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तर हेच दाजी घर डोक्यावर घेतात. नवं डॉट-४ ऑइल २३० अंशांच्या आत उकळता कामा नये. ओल धरली की हीच मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, उकळतं, बुडबुडे होतात, आणि पाय थेट तळाला. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि घाटात गिअर खालचा ठेवायचा असतो.

१८८८ साली बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न विचारता त्यानं केलेली गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. ती 'धूळ बसली' म्हणाली नाही. वाटेतला चांभार गाठून तिनं त्यांवर चामडं ठोकून घेतलं. तेव्हा तर गॅरेजही नव्हतं. आमच्याकडे आहे, तर जायला सवड नाही.

दाजींचा युक्तिवाद मात्र बिनतोड. "आमच्या गावचा तो नक्षीचा दगडी खांब शेकडो वर्षं उभा आहे. त्याची कुणी सर्व्हिसिंग केली?"

"दाजी," मी म्हटलं, "तो उभा आहे म्हणूनच उभा आहे. तो ऐंशीच्या वेगानं जालन्याला जात नाही." वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर गाडी चौपट अंतरावर थांबते, हेही सांगितलं. त्यांनी सीटांना नवी कव्हरं घातली.

पुढच्या बंपरचं लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी न चुकता बदललं जातं. मागच्या खेपेला ते मोठ्या आनंदानं म्हणाले, "तो किंचाळायचा आवाज गेला बघा, आपोआप!"

"आता खरखर येते का?"

"हं, येते थोडी. का?"

मी पिशवी उचलली आणि जिंतूरच्या एसटीची वेळ विचारली.