सारंगखेड्याच्या यात्रेआधी घोड्यांसाठी जागा हवी आहे

नंदुरबार जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या धुळे, जळगावच्या सर्व बंधू-भगिनींना हे कळकळीचं आवाहन आहे. दत्तजयंती तोंडावर आली आहे. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेची तयारी सुरू होईल आणि दोंडाईच्याहून शहाद्याकडे येणाऱ्या रस्त्यावर घोड्यांचे ट्रक दिसू लागतील. मारवाडी, काठेवाडी, पंजाबचे नुकरे, सिंधी असे एकाहून एक देखणे घोडे सारंगखेड्याच्या बाजारात उभे राहतील. वर्तमानपत्रांत कोटीच्या घोड्याचा फोटो छापून येईल. त्या घोड्याला मालक आहे, मोतद्दार आहे, दिमतीला डॉक्टर आहे. त्याच्यासाठी कुणाकडे हात पसरायची वेळ येत नाही. आम्ही हात पसरतो आहोत ते बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या जनावरांसाठी.

त्या टोकाला कोण असतं? वय झालेली वरातीची घोडी. टांगा बंद पडला म्हणून वीटभट्टीवर गेलेलं तट्टू. शर्यतीत पाय अधू झालेला घोडा. ठेलारी मेंढपाळांचा संसार पाठीवर वाहून पाठ सोललेलं तट्टू. आणि एखादं धडधाकट शिंगरू, ज्याचा दोष एवढाच की त्याच्या अंगावर ‘खोटा’ भोवरा निघाला. भोवरा म्हणजे केसांचं वळण. त्यानं घोड्याच्या पायात, दमात किंवा स्वभावात तसूभरही फरक पडत नाही, तरी त्या एका वळणापायी चांगलं जनावर बाजारामागून बाजार फिरतं आणि प्रत्येक बाजारात त्याची किंमत उतरत जाते. यंदा घोडा घ्यायला येणाऱ्यांनी भोवऱ्याआधी खूर पाहावेत, दात पाहावेत, पाठ चाचपून पाहावी, ही पहिली विनंती.

या घोड्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. मिळालंच, तर तो कशासाठी नेतो आहे हे विचारायला कुणी थांबत नाही. मालकाला दुष्ट ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. साधारण ३५० ते ४०० किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो कोरडा चारा आणि २५ ते ४० लिटर पाणी लागतं. सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटावे लागतात, नाल बदलावी लागते. वरातीचा धंदा मात्र लग्नसराईपुरता. चातुर्मासात घोडी दावणीला उभी असते आणि खाणं तेवढंच खाते. घोडा २५ ते ३० वर्षं जगतो, त्यातली शेवटची कित्येक वर्षं तो काही कमावत नाही. ज्याच्या घरात पोरांच्या फीची ओढाताण आहे, त्यानं ही वर्षं कुठून भागवायची?

देशातली घोड्यांची संख्या किती झपाट्यानं घटते आहे पाहा. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाख होते, २०१९ मध्ये सुमारे तीन लाख चाळीस हजार उरले. घोडे कमी झाले तसे नालबंद कमी झाले, चाबूकस्वार कमी झाले, घोड्याचं दुखणं ओळखणारे हात कमी झाले. आज शहादा-तळोद्याच्या एखाद्या गावात घोड्याचा खूर चिरला, तर तो नीट छाटून देणारा माणूस शोधायला दोन तालुके पालथे घालावे लागतात.

कायदा काय सांगतो? १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं जनावराला उपाशी मरण्यासाठी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. जप्त केलेल्या जनावरांचा सांभाळ कसा करायचा, हे सांगणारे नियम २०१७ मध्ये आले. कागदावर हे सगळं आहे. पण रात्री अकरा वाजता हवालदारानं लंगडणारी घोडी अडवली, तर ती बांधायची कुठे? पोलीस ठाण्याच्या आवारात तिला चारा कोण घालणार? बहुतेक गोशाळांची दावण, गव्हाण, माणसं सगळी गाई-बैलांच्या हिशेबानं असतात. मग ती घोडी सुपूर्दनाम्यावर पुन्हा त्याच मालकाच्या हाती जाते. मालकाला स्वतःहून ती सोडायची असेल, तरी विश्वासानं सोडावी असं दार त्याला माहीत नसतं.

म्हणून आमची मागणी एकच आहे. यात्रेआधी जागा हवी. ज्याच्या मळ्यात छप्पर आहे, पाणी आहे, थोडी मोकळी जमीन आहे, त्यानं एका घोड्याला काही महिने थारा द्यावा. अशा घरांची यादी हाताशी असेल, तरच पोलीस जप्ती करतील, डॉक्टर उपचार सुरू करतील आणि मालक आपणहून दावं हातात देईल. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा निकाल उच्च न्यायालयानं जून २०१५ मध्ये दिला. बंदी लगेच सर्वांच्या लक्षात राहिली, पण घोड्यांचं आणि घोडेवाल्यांचं पुनर्वसन पुढे वर्षानुवर्षं रेंगाळलं. आधी बंदी आणि मग जागेचा विचार, या क्रमात जनावरच भरडलं जातं.

जागा देणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच मनाशी पक्क्या कराव्यात.

नवा घोडा आला की किमान तीन आठवडे तो घरच्या घोडा-गाढव-खेचरांपासून वेगळा बांधायचा. त्याची बादली वेगळी, तोबरा वेगळा, खरारा वेगळा. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव, अंगावर फुटणाऱ्या गाठी अशी त्याची लक्षणं असतात, पण कित्येकदा वरून काहीच दिसत नाही. त्यामुळे रक्ततपासणीला पर्याय नाही, आणि या तपासणीसाठी हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही देशातली मुख्य जागा आहे. बाधित घोड्याला कायद्यानं वेदनारहित मरण द्यावं लागतं आणि मालकाला सरकारी भरपाई मिळते. भरपाईची तरतूद आहे हे माहीत नसल्यानं लोक आजार लपवतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

उपाशी घोडा दारात आला की आपल्याकडे पहिली धाव जाते ती गूळ आणि भिजवलेल्या हरभऱ्याकडे. माया खरी असते, पण त्या मायेनंच घोडा जातो. महिनोन्‌महिने रिकाम्या राहिलेल्या शरीराला एकदम धान्य आणि गोड पेललं नाही, तर रक्तातल्या क्षारांचा तोल ढासळून हृदय बंद पडू शकतं. सुरुवातीचे काही दिवस थोडी थोडी लसूणघास दिवसातून सहा वेळा द्यायची आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू प्रमाण वाढवायचं. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वाईट बाहेर टाकायची सोय निसर्गानं त्याला दिलेली नाही, म्हणून बुरशी लागलेला चारा किंवा पेंड त्याच्यापुढे येताच कामा नये. शहाद्याच्या ऊसपट्ट्यात नुसत्या वाढ्यांवर घोडा ठेवण्याचा मोह होतो. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे अंगाला कॅल्शियम मिळत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. नवापूरकडच्या लोकांना तर हात जोडून सांगणं आहे, कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या आसपासही ठेवू नका. त्यात मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती चालतात, घोड्याच्या हृदयाचा घात करतात.

आता बुजलेल्या घोड्याविषयी. अशा घोड्याचं तोंड एकदा जवळून पाहा. ओठांच्या कोपऱ्यांत जुन्या जखमांची पांढरी, कडक वळं असतात. जिभेच्या कडेला खाच पडलेली असते. हे काटेरी लगामाचं काम. १९६५ च्या नियमांनी त्या लगामाला मनाई केली, तरी तो आजही विकत मिळतो. ज्याच्या तोंडात ते लोखंड गेलं आहे, तो माणसाचा हात वर झाला की मान उंच फेकतो, कान मागे पाडतो आणि मागच्या पायावर वजन घेतो. लोक म्हणतात, याला खोड आहे. ती खोड नाही, त्याला लागलेली भीती आहे.

ती घालवायला ताकद लागत नाही, वेळ लागतो. घोड्याला कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, त्यामुळे समोरून किंवा पाठीमागून कधीही जायचं नाही. डाव्या खांद्याच्या बाजूनं, तोंडानं काहीतरी बोलत, तिरकं चालत जायचं. डोळ्याला डोळा लावायचा नाही. त्यानं अंग ताठ केलं की तिथेच थांबायचं. त्यानं कान वळवला, श्वास सोडला, जबडा चघळल्यासारखा हलवला की आपण एक पाऊल मागे घ्यायचं. मागे सरकणं हेच बक्षीस, कारण दबाव सुटतो कधी हेच घोडा शिकत असतो. हात लावायचा तो तोंडाला नाही. आयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी बोटांनी खाजवायचं. कळपातले घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवलं की त्याची छाती शांत होते. मोरखी घालायची घाई नको. आधी ती गव्हाणीजवळ टांगून ठेवा, त्याला हुंगू द्या. मग हातावर, मग मानेवर, मग कानांवरून. हे होईतो आठवडे जातील, एखाद्या घोड्याला महिनेही लागतील. आमच्या भागातली शेतकऱ्यांची मुलं हे उत्तम करू शकतात, बैल माणसाळवणारं घर त्यांच्या पाठीशी आहे.

घर देताना भावनेच्या भरात चूक होऊ नये म्हणून अमेरिकेचं उदाहरण सांगतो. तिथल्या मोकाट मस्टँग घोड्यांना १९७१ च्या कायद्यानं संरक्षण मिळालं. सरकार कुरणावरचे जादा घोडे पकडतं आणि दत्तक देतं. घरं पुरेनात म्हणून ६० हजारांहून अधिक घोडे सरकारी आवारांत आणि भाड्याच्या कुरणांत साठले. २०१९ मध्ये दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर देण्याची योजना आली. दोनच वर्षांत पत्रकारांनी दाखवून दिलं, की पैसे हाती पडल्यावर यातले कित्येक घोडे कत्तलीच्या बाजारात पोचले. त्याच देशातली दुसरी पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. वर्षभर नीट सांभाळ केल्याशिवाय घोड्याची मालकी मिळत नाही. आपणही हेच करू या. लेखी करार, वर्षभर अधूनमधून पाहणी, विक्रीला मनाई, आणि सांभाळणं जमेनासं झालं तर घोडा परत घेण्याची हमी.

एका आवाहनानं काय होतं, असं कुणाला वाटत असेल तर डोरोथी ब्रूक यांची गोष्ट ऐका. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी फौजेनं विकून टाकलेले घोडे त्यांना १९३० मध्ये कैरोच्या रस्त्यांवर हाडांचे सापळे होऊन राबताना दिसले. १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिलं. वाचकांनी पैसे पाठवले, सुमारे ५ हजार घोडे विकत घेता आले आणि १९३४ मध्ये कैरोत रुग्णालय उभं राहिलं. त्यातले बहुतेक घोडे इतके खंगलेले होते की त्यांना विश्रांती आणि पोटभर चारा देऊन शांतपणे निरोप द्यावा लागला. हेही आपण लक्षात ठेवलं पाहिजे. जिथे डॉक्टर सांगतील की आता वेदनेशिवाय काही उरलं नाही, तिथे इंजेक्शनला नाही म्हणू नये. डोरोथी ब्रूक यांच्या नावानं चालणारी संस्था आज भारतातही कष्टकऱ्यांच्या घोड्या-गाढवांसाठी काम करते.

यात्रेला येणाऱ्या सगळ्यांना विनंती, की काटेरी लगाम दिसला तर मालकाशी नीट बोला आणि तो उतरवायला सांगा. ऐकलं नाही तर यात्रेतल्या पोलीस चौकीत तक्रार लिहून द्या. जखमी, पडलेलं जनावर दिसलं तर १९६२ वर पशुसंवर्धन विभागाला किंवा ११२ वर पोलिसांना फोन करा. घोडा नेणाऱ्यांनी वाहतुकीचं पशुवैद्यकीय प्रमाणपत्र घेतल्याशिवाय ट्रक हलवू नये. लग्नघरांनी घोडीच्या कानाशी फटाके आणि डीजे लावू नयेत, पाणी पाजायला वरात पाच मिनिटं थांबवावी. सारंगखेडा आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी बाजारतळावर पाण्याचे हौद आणि आजारी घोड्यांसाठी एक वेगळा मांडव राखून ठेवावा. जिल्हाधिकाऱ्यांनी नालबंदीचं प्रशिक्षण तरुणांसाठी सुरू करावं. त्या कामाला आज जिल्ह्यात माणूस नाही आणि उद्या पोटही भरेल.

आणि ज्यांना जागा देता येईल, त्यांनी यात्रा भरण्याआधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एक साधा अर्ज द्यावा, एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीच्या नावानं जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्जात गाव, छप्पर किती बाय किती, पाणी विहिरीचं की नळाचं, कुंपण कशाचं (काटेरी तार असेल तर घोडा ठेवता येणार नाही, ती आधी काढावी), घरात दुसरे घोडे किंवा गाढवं आहेत का, घोडा किती महिने ठेवता येईल आणि चाऱ्याला मदत लागेल का, एवढं लिहावं. ज्यांच्याकडे जागा नाही पण ज्वारीचा कडबा आहे, त्यांनी किती पेंढ्या देता येतील ते त्याच अर्जात लिहावं.