मिराशींचे वय आणि फांगण्याची पाटी

जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना तेवर हे गाव लागते. कलचुरींची त्रिपुरी ती हीच. इतिहासाचा विद्यार्थी असताना कलचुरींचे लेख मी परीक्षेपुरते वाचले, नोकरीत विसरलो आणि निवृत्तीनंतर पुन्हा हाती घेतले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला या लेखांचा खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. शिलाहारांच्या लेखांचा खंड १९७७ मध्ये आला, त्या वेळी ते ८४ वर्षांचे होते. त्यानंतरही सातवाहनांवरील त्यांचा ग्रंथ निघाला.

बुद्धी राबवली की शाबूत राहते, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. आमच्या वसाहतीतील माजी अधिकारी सकाळी शब्दकोडी सोडवतात, ती याच श्रद्धेने. (मीही सोडवतो.) पण ज्याची बुद्धी शाबूत आहे तोच ग्रंथ लिहितो, हेही तितकेच खरे असू शकते. अमेरिकेत सुमारे २८०० वृद्धांना स्मरण, तर्क किंवा आकलनाचा वेग यांपैकी एकेका कौशल्याचे प्रशिक्षण दिले गेले. सुधारणा प्रामुख्याने त्या त्या कौशल्यातच दिसली. फिनलंडमध्ये बौद्धिक सरावाला आहार, व्यायाम आणि रक्तदाबावरील देखरेख यांची जोड दिली, तेव्हा दोन वर्षांत एकूण बौद्धिक क्षमतेत लाभ आढळला.

आपल्या देशाचा प्रश्न मात्र शब्दकोड्यांच्या फार अलीकडे सुरू होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रिया, ग्रामीण वृद्ध आणि शाळेचे तोंड न पाहिलेले लोक यांच्यात हे प्रमाण अधिक आहे. तोफगाडी कारखान्याचे आणि उच्च न्यायालयाचे निवृत्त कर्मचारी उद्यानात भेटतात, वाचनालयात बसतात. त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या साठीच्या बाईला तेथे येण्याचे कारणच नसते.

म्हणून मला मिराशींपेक्षा ठाणे जिल्ह्यातील फांगणे हे गाव धोरणदृष्ट्या अधिक महत्त्वाचे वाटते. मुरबाड तालुक्यातील या गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसलेल्या साठ ते नव्वद वयाच्या स्त्रिया पाटी-दप्तर घेऊन येतात, अक्षरे गिरवतात. त्यामुळे स्मृतिभ्रंश टळेल, असा दावा मी करणार नाही. पण घराबाहेर पडणे, सोबत, नवे शिकणे आणि स्वतःची सही, एवढे सारे एका वर्गात देणारी दुसरी शासकीय योजना मला ठाऊक नाही. आणि हीसुद्धा शासनाने नव्हे, एका शिक्षकाने धर्मादाय न्यासाच्या मदतीने उभी केली.

केंद्राचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील सर्वांसाठी आहे. वयाची वरची मर्यादा त्यात नाही. २०२२ ते २०२७ या काळासाठी १०३७.९० कोटी रुपये मंजूर आहेत. परंतु उद्दिष्ट उत्तीर्णांच्या संख्येत मोजले की यंत्रणा तरुण निरक्षर शोधते. सत्तरीच्या आजी आकड्याला जड जातात. मी स्वतः असे तक्ते भरून घेतले आहेत. वृद्धांसाठी परीक्षेऐवजी वर्षभराची हजेरी हाच निकष ठेवावा. दुसरे म्हणजे, दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना श्रवणयंत्रे व चष्मे देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिची शिबिरे याच वर्गांत भरवावीत. ज्या आजींना फळ्यावरचे दिसत नाही आणि शेजारणीचे ऐकू येत नाही, त्या दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.