शिष्टाईचे गुण किती?

अद्‌भुतरम्य भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम हा साहित्याच्या अभ्यासकांनी दखल घ्यावी असा विषय आहे, असे आमचे मत आहे. खेळणारा तिथे एखादे पात्र होतो; कोणाला वाचवायचे, कोणाला फसवायचे, कोणाशी लढायचे आणि कोणाला शब्दांनी वळवायचे हे ठरवतो, आणि कथेला तसतसे फाटे फुटत जातात. कादंबरीचा वाचक नायकाच्या निर्णयाचा साक्षीदार असतो. इथे निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. ढोकीसारख्या गावातला विद्यार्थीही आता या खेळांना अनोळखी नाही. म्हणूनच हे खेळ नीती आणि वाणी यांविषयी नेमके काय शिकवतात, हे तपासणे आम्हांला अगत्याचे वाटते.

अडचण वाणीपासूनच सुरू होते. २००६ सालच्या ‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’मध्ये एखाद्याचे मन वळवायचे तर एक चक्र फिरवावे लागते. त्यावर चार कप्पे : स्तुती, बढाई, विनोद आणि धाक. समोरच्याला कोणता कप्पा रुचतो हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे आणि त्या बेताने चक्र फिरवायचे. काय बोललो, हा प्रश्नच उरत नाही. २०२३ सालच्या ‘बाल्डर्स गेट ३’मधील संवाद कितीतरी अधिक समृद्ध आहेत, तरी अनेक निर्णायक क्षणी वीस बाजूंचा फासा पडतो, त्यात पात्राच्या कौशल्याचा अंक मिळवला जातो आणि बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की समोरचा वळतो. दान उलटे पडले तर आधी जतन केलेल्या ठिकाणापासून खेळ पुन्हा सुरू करता येतो. दोन्हीकडे ऐकणारा माणूस न राहता कुलूप होतो, आणि बोलणे म्हणजे किल्ली.

या हिशेबापुढे महाभारताच्या उद्योगपर्वातील कृष्णशिष्टाई ठेवून पाहावी. कृष्णाच्या वाक्‌चातुर्याला कोणताही खेळ पैकीच्या पैकी गुण देईल. तरीही शिष्टाई फसते. दुर्योधनाला मुद्दा कळत नाही म्हणून ती फसते असे नव्हे. त्याला तो कळतो आणि नको असतो. परतताना कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो, राज्यही देऊ करतो. तर्क, रक्ताचे नाते, लाभ असे सारे एका पारड्यात असताना, पुढचा पराभव दिसत असतानाही कर्ण नाकारतो. त्याचा नकार थोर की चुकीचा? शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके १९६७ सालची. एकात कर्णाला नायकत्व लाभते, तर दुसऱ्यात त्याची कठोर चिकित्सा होते. नैतिक निवड खरी असली की तिच्यावर असे दोन निकाल संभवतात. सज्जनपणा आणि दुर्जनपणा यांचे गुण मोजणाऱ्या पट्टीवर हा नकार कुठे मांडणार?

खेळाला नियम लागतात आणि संगणकाला आकडे लागतात, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. तथापि आकडे असूनही नैतिक गांभीर्य साधता येते, याचा पुरावा या परंपरेतच आहे. रिचर्ड गॅरिअट यांचा ‘अल्टिमा ४’ हा १९८५ सालचा खेळ. त्याच्या उपशीर्षकातच आपला ‘अवतार’ हा शब्द आहे, आणि कोणा खलनायकाचा वध हे त्याचे साध्य नाही. प्रामाणिकपणा, करुणा, नम्रता आदी आठ गुण अंगी बाणवणे हे साध्य आहे. तिथे वनौषधी विकणारे दुकानदार आंधळे आहेत. मोबदला किती द्यायचा ते खेळणाऱ्याने स्वतः सांगायचे. कमी दिला तरी कोणी अडवत नाही. मात्र प्रामाणिकपणाच्या खात्यात मुकाट्याने घट होते. आपली पारख कळावी असे वाटले, तर एका द्रष्ट्याकडे मुद्दाम जावे लागते. हिशेब इथेही आहे, पण निवड करताना तो डोळ्यांसमोर नाचत नाही.

ढोकीपासून जवळच असलेल्या तेरच्या संत गोरोबाकाकांची कथा या संदर्भात आठवणे स्वाभाविक आहे. संतमेळ्यात मडकी पारखावीत तशी गोरोबांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्याची पारख केली, आणि कच्चे ठरले ते नामदेव. ज्यांच्या कीर्तनाने लोक डोलत, तेच कच्चे! ते दुखावले, पण पुढे विसोबा खेचरांकडे गेले. वाणीचे सामर्थ्य आणि आतला पक्केपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या परंपरेने इतक्या स्वच्छपणे सांगून ठेवले आहे.

आपल्याकडे खेळ घडवणारे हात नाहीत असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ सादर केला; पुराणांतील देवता, असुर आणि प्राचीन वास्तुशिल्प त्यात देखणेपणाने आले. तो मुळात लढाईचा आणि साहसाचा खेळ असल्याने त्यात संवादांतील निवडीची अपेक्षा करणे योग्य नव्हे. तरीही पुराणांतून शस्त्रे घेण्याइतकेच त्यांतील शिष्टाई घेणेही शक्य आहे, एवढे म्हणावेसे वाटते.

हा प्रश्न केवळ खेळांचा नाही. आमच्या वक्तृत्व स्पर्धांतही विषयाची बाजू अनेकदा वाटून दिली जाते आणि गुण आवेशाला मिळतात. समोरच्याचे मन म्हणजे सर करण्याचा गड, हा समज पडद्यावर आणि व्यासपीठावर सारखाच पोसला जातो. ज्या गावाजवळ तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथे सभेत दिलेल्या शब्दावर संसार अवलंबून असतात, हे वेगळे सांगायला नको. म्हणून आमची सूचना अशी, की वर्गात उद्योगपर्वातील शिष्टाई आणि एखाद्या खेळातील संवाद शेजारी ठेवून वाचावेत, आणि विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : इथे ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे का? उद्या त्यांच्यापैकी कोणी मराठीत असा खेळ लिहिला, तर त्यातील शिष्टाई कधीतरी फसू द्यावी, आणि फसल्यावरही कथा पुढे चालू द्यावी.